पदवी तिथली, प्रश्न इथले : विकासनीतीच्या उच्चशिक्षणाचा आढावा

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची परदेशी मदतसंस्था यूएसएड अधिकृतपणे बंद झाली. त्याआधी मार्चमध्येच तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी जाहीर केले होते. ब्रिटनने फेब्रुवारीतच सांगून टाकले होते की परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणली जाईल. त्याच महिन्यांत आपल्याकडची कितीतरी मुलेमुली इंटरनॅशनल डेव्हलपमेंट, सस्टेनेबल डेव्हलपमेंट पॉलिसी, डेव्हलपमेंट प्रॅक्टिस अशा नावांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश मिळवून शिष्यवृत्तीची वाट पाहत होती. ज्या संस्थांत पुढे नोकरी करायची म्हणून हे अभ्यासक्रम घेतले जातात, त्यांतली सर्वात मोठी संस्था त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

मग हे शिक्षण घ्यावे का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण कारण बदलून. मदतसंस्थांत शिरण्याचा परवाना म्हणून या पदवीची किंमत उतरली आहे आणि ती लवकर वर येईलसे दिसत नाही. राज्याचा, जिल्ह्याचा, एखाद्या नदीखोऱ्याचा प्रश्न मुळापासून समजून घ्यायचा असेल तर मात्र तिची गरज वाढली आहे. शिवाय या विद्याशाखेत आज जे शिकवले जाते, त्यातला बराच भाग महाराष्ट्रातल्या गावांनी आणि महाराष्ट्रातल्या अर्थतज्ज्ञांनी घडवला आहे. आपल्या विद्यार्थ्यांना हे बहुतेक वेळा परदेशात गेल्यावर कळते, याचे मला वाईट वाटते.

विषयाचा जन्म वसाहती स्वतंत्र होण्याच्या काळातला. जानेवारी १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी पदग्रहणाच्या भाषणात 'अविकसित' प्रदेशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम मांडला. १९५२ मध्ये डच विद्यापीठांनी हेगला इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज काढली. ऑक्सफर्डचे क्वीन एलिझाबेथ हाउस १९५४ चे, ससेक्स विद्यापीठातली इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज १९६६ ची. नव्या देशांचे अधिकारी तिथे येत, नियोजन आणि अर्थसंकल्प शिकत, परत जाऊन आपापली खाती सांभाळत. शिकवणाऱ्यांत वसाहतींच्या कारभारातून आलेली माणसेही होती. सहभागी ग्रामीण पाहणीच्या पद्धतीमुळे जगभर ओळखले गेलेले रॉबर्ट चेंबर्स हे मुळात केनियातले ब्रिटिश जिल्हा अधिकारी. राज्य करणाऱ्याने मार्ग दाखवायचा आणि राज्य झालेल्याने तो चालायचा, ही मांडणी त्यामुळे बरीच वर्षे टिकली.

तिला आतूनच धक्के बसले, हे या विद्याशाखेचे श्रेय. ससेक्सच्या संस्थेचे पहिले संचालक डडली सीअर्स यांनी १९६९ मध्ये तीन साधे प्रश्न विचारले: गरिबीचे काय झाले, बेरोजगारीचे काय झाले, विषमतेचे काय झाले? ही तिन्ही वाढत असतील तर दरडोई उत्पन्न दुप्पट झाले तरी त्याला विकास म्हणणे चुकीचे ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९९० मध्ये महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने मानव विकास निर्देशांक आणला आणि उत्पन्नाच्या शेजारी आयुर्मान आणि शिक्षण येऊन बसले. त्याच वर्षी जेम्स फर्ग्युसन यांचे लेसोथोमधल्या एका प्रकल्पावरचे पुस्तक आले. जमीन आणि सत्ता यांचे प्रश्न तांत्रिक करून टाकले की प्रकल्प फसतो आणि सरकारी यंत्रणेचा पसारा तेवढा वाढतो, हे त्यात बारकाईने दाखवलेले आहे. चांगल्या अभ्यासक्रमात ही दोन्ही टोके एकाच सत्रात वाचायला लागतात.

'शाश्वत' हे विशेषण नंतरचे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि पर्यावरण यांची सांगड घातली, १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने 'शाश्वत विकास' ही कल्पना सर्वमान्य केली, २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये मंजूर केली. त्यानंतर अभ्यासक्रमांच्या नावांत हा शब्द झपाट्याने शिरला. नाव बदलले म्हणून अभ्यास बदलला असे होत नाही. भूजल, माती, ऊर्जा किंवा हवामान यांपैकी एकही विषय सक्तीचा नसेल तर त्या पदवीतली शाश्वतता प्रस्तावनेपुरतीच आहे असे खुशाल समजावे.

आज हे शिक्षण ढोबळमानाने तीन घराण्यांत विभागलेले दिसते. पहिले अर्थशास्त्राचे. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये १९९९ साली दानी रॉड्रिक आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेला दोन वर्षांचा एमपीए-आयडी हा त्याचा नमुना. कॅल्क्युलस आल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. पहिले वर्ष सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांत जाते आणि दुसऱ्या वर्षी एखाद्या सरकारसमोरचा खरा प्रश्न घेऊन प्रबंध लिहावा लागतो. एमआयटीची वाट वेगळी आणि माझ्या मते जास्त उदार आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २००३ मध्ये काढलेल्या जे-पॅल या केंद्रातून आलेला तिथला अभ्यासक्रम आधी ऑनलाइन शिकता येतो, परीक्षेची फी उत्पन्नानुसार ठरते आणि त्यातल्या कामगिरीवर प्रत्यक्ष एमआयटीतल्या मास्टर्ससाठी निवड होते. आधीची पदवीसुद्धा अनिवार्य नाही. जालन्यात बसून गणिताची तयारी करणाऱ्या मुलीला याहून स्वस्त दार मला माहीत नाही.

दुसरे घराणे राजकारण, इतिहास आणि समाजशास्त्राचे: हेग, ससेक्स, लंडनचे सोआस. इथे आकडे कमी आणि वाद जास्त. जमीन कोणाची, राज्यसंस्था कोणाच्या बाजूने, मदत देणाऱ्याचा फायदा काय, हे प्रश्न टाळता येत नाहीत. तिसरे घराणे व्यवहाराचे. जेफ्री सॅक्स आणि जॉन मॅकआर्थर यांच्या अध्यक्षतेखालच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये शिफारस केली की डॉक्टरला जसे सर्व अवयवांचे थोडे थोडे ज्ञान लागते तसे विकासाच्या कामात आरोग्य, शेती, पाणी, अर्थकारण आणि व्यवस्थापन एकत्र शिकवावे. त्यातून 'मास्टर्स इन डेव्हलपमेंट प्रॅक्टिस' जन्मला. मॅकआर्थर फाउंडेशनच्या पैशावर तो जगातल्या अनेक विद्यापीठांत गेला आणि आपल्याकडे दिल्लीच्या टेरीमध्ये आला. ड्यूक विद्यापीठाचा विकासनीतीचा अभ्यासक्रम मात्र नोकरीत काही वर्षे काढलेल्यांसाठी आहे, त्याची जात वेगळी.

यांत थोर कोण, हा वाद निरर्थक आहे. तरी प्रत्येकाची खोड ओळखून ठेवलेली बरी. पहिल्या घराण्यातून निघालेल्याला मोजता येते तेच खरे वाटू लागते. दुसऱ्यातून निघालेला प्रत्येक योजनेतली सत्ता अचूक ओळखतो, पण जिल्हाधिकाऱ्याने उद्या सकाळी नेमके काय करावे हे त्याला सांगता येत नाही. तिसऱ्यातून निघालेला सगळे थोडे थोडे जाणतो आणि अहवाल सुबक लिहितो. खुद्द सॅक्स यांची मिलेनियम व्हिलेजेस योजना या तिसऱ्या धर्तीवरची होती. मायकेल क्लेमन्स आणि गॅब्रिएल डेमॉम्बिन्स यांनी दाखवून दिले की योजनेच्या गावांत जे बदल योजनेच्या खात्यावर जमा केले जात होते, त्यांतले काही आजूबाजूच्या, योजना नसलेल्या भागांतही होत होते. तुलनेसाठी गावे नीट निवडलीच नव्हती. हुशार माणसांनी, भरपूर पैशांनी, चांगल्या हेतूने केलेली ही चूक सर्वच घराण्यांत शिकवली पाहिजे.

आता महाराष्ट्राकडे. सातपुड्यात, नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली हे आदिवासी गाव आहे. सरदार सरोवरामुळे बाधित झालेल्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी सर्वात आधी बुडीत आलेले हे गाव. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. लोकांनी उठायला नकार दिला, आंदोलन उभे राहिले आणि १९९१ मध्ये बँकेला इतिहासात प्रथमच स्वतःच्या चालू प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करून घ्यावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ मध्ये अहवाल दिला. पुनर्वसनाचा आणि पर्यावरणाचा पाया इतका कच्चा आहे की बँकेने मागे पाऊल घ्यावे, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेणार नाही असे कळवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले. बँकेच्या पैशामुळे ज्यांचे नुकसान होते त्यांना आपल्या सरकारला वळसा घालून थेट बँकेकडे तक्रार करता यावी, अशी ही पहिलीच सोय. पुढे इतर विकास बँकांनीही तसल्या यंत्रणा उभ्या केल्या. १९९४ मध्ये जगभरच्या ३०० हून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे निवेदन काढले त्याचे नावच 'मणिबेली जाहीरनामा'. त्या रेट्यातून १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग नेमला गेला, त्यात या आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर सदस्य होत्या.

वॉशिंग्टन किंवा जिनिव्हाच्या वर्गात आज 'सेफगार्ड' आणि 'अकाउंटेबिलिटी' या नावाखाली जे प्रकरण शिकवले जाते, त्याचे मूळ असे सातपुड्यात आहे. धरण झाले, २०१७ मध्ये ते पूर्ण उंचीला, १३८.६८ मीटरवर पोचले आणि गावे बुडाली. लोक हरले, पण नियम बदलून गेले, आणि त्या नियमांचा आधार नंतर नेपाळपासून पुढे कितीतरी देशांतल्या लोकांनी घेतला. पाटकर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या होत्या, पीएचडीचे काम त्यांनी अर्ध्यावर सोडले. विकासाच्या शिक्षणाने काय साधते असे कोणी विचारले तर हे उदाहरण मी आधी देतो. नोकरीच्या कोणत्याही आकडेवारीत ते सापडणार नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची, तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीत सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हा अध्यक्षपद गाडगिळांनी सांभाळले. केंब्रिजला शिकलेला, संस्थेचा संचालक असलेला अर्थतज्ज्ञ प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत बसून उसाचा भाव ठरवतो, ही विद्येची तऱ्हा आज दुर्मीळ झाली आहे. त्याच संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. रोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही त्यांची दारिद्र्यरेषा होती. १९६०-६१ च्या किमतींनी तो ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होता. मोजणीइतकाच त्यांचा उपाय महत्त्वाचा होता: जमीनवाटपाने सर्वांना पुरणार नाही, म्हणून काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यावे.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये दुष्काळ पडला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात आधीच करून पाहिलेली कल्पना राज्यभर गेली आणि रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या पैशाची व्यवस्था मला त्या योजनेइतकीच मोलाची वाटते. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो खडी फोडणाऱ्या आणि बंधारे बांधणाऱ्या मजुरांच्या मजुरीसाठी. आजही पगाराच्या पावतीवर तो दिसतो. त्याचे मूळ ठाऊक असलेले नोकरदार फार भेटत नाहीत. कामाचा हक्क कायद्याने देणारी ही योजना जगभरच्या विकास अर्थतज्ज्ञांनी अभ्यासली आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला तिचाच नमुना मिळाला. तिच्यावर परदेशी नियतकालिकांत पुष्कळ लिहिले गेले. मराठी विद्यापीठांत ती एखाद्या घटकापुरती उरली.

अशा योजना समजायच्या तर मोजणी आली, आणि मोजणी शिकणे म्हणजे नुसते सॉफ्टवेअर शिकणे नव्हे. 'कुटुंब' ही सर्वेक्षणातली अगदी प्राथमिक गोष्ट घ्या. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. आता बीड जिल्ह्यातल्या केज किंवा पाटोदा तालुक्यातले ऊसतोडीचे घर डोळ्यांसमोर आणा. पावसाळा सरता सरता मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो, धाकटे मूल बरोबर जाते. म्हातारी आणि शाळेतली मुलगी मागे राहतात. काही महिने चुली दोन, उन्हाळ्यात परत एक. जानेवारीत पाहणी करणारा दारात आला तर त्याला म्हातारीचे दोन माणसांचे कुटुंब दिसेल. म्हातारीही नातेवाइकांकडे गेली असेल तर तो 'घर बंद' असे लिहील आणि यादीतले पुढचे घर घेईल. आकडेवारीत मजुरी, कर्ज, मुलांची गळती, बाईचे आजारपण यांतले काहीच येणार नाही. आकडा खोटा नसेल, पण ज्यांच्यासाठी मोजणी होती तीच माणसे त्याच्या बाहेर राहतील.

चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ज्या पूर्वग्रहांची यादी केली, त्यांत हेच होते: तज्ज्ञ डांबरी रस्त्यालगतची गावे पाहतात, कोरड्या ऋतूत येतात, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतात. पाटोद्यात तर कोरडा ऋतूच माणसे पाहू देत नाही. हे ज्याला कळते त्याचा प्रतिगमनाचा तक्ता खरा होतो. त्यात आपली शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ मध्ये. इतक्या जुन्या यादीवरून निवडलेल्या नमुन्यांवर सध्या धोरणे ठरत आहेत. येती काही वर्षे नव्या जनगणनेचे आकडे वाचू शकणारी आणि त्यांवर शंका घेऊ शकणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत लागतील.

देशातल्या संस्थांत हे कुठे शिकता येते? मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची. तिच्या तुळजापूरच्या आवारात विकासनीती, उपजीविका आणि नैसर्गिक संसाधने यांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. धाराशिव जिल्ह्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात राहून शिकणे ही त्या आवाराची मोठी जमेची बाजू. २०२४ च्या जूनमध्ये या संस्थेतल्या शंभरावर कंत्राटी शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या आणि मग मागे घेतल्या गेल्या; त्यांचे पगार विश्वस्त निधीच्या अनुदानावर होते. प्रवेश घेणाऱ्याने शिक्षक कायम आहेत की नाहीत हेही विचारावे. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था भक्कम अर्थशास्त्रासाठी. त्रिवेंद्रमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज के. एन. राज यांनी १९७० मध्ये उभारले, केरळच्या वेगळ्या वाटचालीचा १९७५ चा मूळ अभ्यास तिथलाच. आणंदची इर्मा २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठात सामावली गेली, तिचे पुढे काय होते ते पाहायचे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा एमए डेव्हलपमेंट आर्थिक मदतीच्या बाबतीत उजवा आहे.

एका ठिकाणी मला थोडे थांबायचे आहे. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, 'सितारा' म्हणून ते ओळखले जाते. तिथल्या एमटेकच्या विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून एखादा प्रश्न सोडवायला घ्यावा लागतो: नळयोजना का बंद पडली, चूल का सुधारत नाही, एसटीची फेरी का परवडत नाही. मिलिंद सोहोनी आणि सहकाऱ्यांनी तिथे केलेले पाण्याच्या ताळेबंदाचे काम जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या 'पोकरा' प्रकल्पात राज्य सरकारने वापरले. पाऊस किती पडला, त्यातले वाहून किती गेले, जमिनीत किती मुरले, मातीत ओलावा किती धरला गेला, आणि शिवारातल्या तूर-कापूस-सोयाबीनला कोणत्या आठवड्यात किती लागणार, हा हिशेब गावागणिक मांडायचा. तो मांडला की तंटा स्पष्ट दिसतो. पावसात खंड पडतो तेव्हा ज्याच्याकडे विहीर आहे तो पीक वाचवतो, माळावरचा कोरडवाहू शेतकरी वाचवू शकत नाही, आणि शेततळ्यात विहिरीचे पाणी उपसून भरले तर सर्वांचा भूजलसाठा एकाच्या प्लास्टिकवर जाऊन बसतो. ग्रामसभेत हा ताळेबंद वाचून दाखवता येतो आणि लोक त्यावर भांडतात. शाश्वत विकासाचे शिक्षण यापेक्षा सरळ कसे द्यावे मला सुचत नाही.

पैशाचे बोलले पाहिजे. ब्रिटनमधल्या नामवंत विद्यापीठात विकास अभ्यासाच्या एक वर्षाच्या मास्टर्सला परदेशी विद्यार्थ्याला साधारण २५ ते ३० हजार पौंड फी पडते, राहण्या-खाण्याचे वेगळे. घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर ही पदवी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. ज्या क्षेत्रात पगार मुळात बेताचे आहेत तिथे तो हप्ता माणसाला क्षेत्राबाहेर ढकलतो. सल्लागार कंपनीत जाऊन कर्ज फेडू आणि मग गावात येऊ असे म्हणणारे फारसे परत येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. व्हिसाचे दरवाजेही अरुंद झाले. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहण्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने आहे. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसवली.

संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्यांबद्दल एक गोष्ट माहितीपुस्तिकांत छापलेली नसते. तिथे तरुणांना आत घेणारा मोठा मार्ग म्हणजे ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर. या जागांचा खर्च देणगीदार देश करतात आणि त्या बहुतांशी स्वतःच्या नागरिकांसाठी राखतात. भारतीय विद्यार्थी जर्मन किंवा डच वर्गमित्राइतकाच शिकतो, पण ते दार त्याच्यासाठी जवळजवळ बंद असते. हे प्रवेशाआधी कळलेले बरे.

देशात काम आहे, मात्र त्याचा पोत बदलला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्चता येत नाही. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन काम करणाऱ्या लहान संस्था त्यात कोलमडल्या. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला लावले, आणि सेबीने २०२२-२३ पासून आघाडीच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे कंपन्यांत अहवाल लिहिणाऱ्यांना मागणी आली. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे, पाणलोट आणि पशुधनात बाएफ, वॉटरसारख्या जुन्या संस्था आहेत. अहवालाची नोकरी वाईट नाही, पण दोन वर्षे विकासनीती शिकून फक्त कंपनीचे तक्ते भरायचे असतील तर तेवढे शिकायची गरज नव्हती.

केव्हा जावे, याबाबत शिष्यवृत्त्यांचे नियमच शहाणे आहेत. चेव्हनिंगला २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. जर्मनीची विकासविषयक डाड शिष्यवृत्तीही दोन वर्षांचा अनुभव मागते, जपान आणि जागतिक बँकेची संयुक्त शिष्यवृत्ती तीन. बीए-बीई झाल्याझाल्या जाणाऱ्याला तिथे वाचलेले बसवायला स्वतःचा तालुका नसतो. पंचायत समितीत बिल कसे अडते, तलाठ्याकडे फेरफार का रेंगाळतो, बचत गटात कर्ज कोणाला मिळत नाही, हे दोन-तीन वर्षे पाहून गेलेला विद्यार्थी फर्ग्युसन वाचताना वेगळा वाचतो.

आपल्या सरकारांच्या शिष्यवृत्त्यांत मात्र दोन गोष्टी तातडीने बदलायला हव्यात. २०२२ मध्ये केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत कलम घातले गेले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास यांवरच्या संशोधनाला ती मिळणार नाही. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले आणि तिथे त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर काम केले. परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर लिहिले की नुसते तुकडे जोडून भागणार नाही, जमिनीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे. भूमिहीनाच्या मुलीने परदेशात भूमिहीनतेवर संशोधन करू नये असे सांगणारा नियम विकासनीतीच्या मुळावरच येतो. तो रद्द झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. शिष्यवृत्तीला विद्यापीठाचे जागतिक यादीतले एकूण स्थान पाहिले जाते, विषयातले नाही. ससेक्स विकास अभ्यासात अनेक वर्षे जगात पहिले आहे आणि एकूण यादीत अलीकडे दोनशेच्या बाहेर. विषयवार क्रमवारी किंवा तज्ज्ञांची छाननी लावली तर हा घोळ एका शासन निर्णयाने मिटेल. त्याच निर्णयात प्रबंधाच्या क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्याला काही महिने आपल्या जिल्ह्यात परत येण्याचा खर्च धरावा, आणि प्रबंधाचा मराठी गोषवारा संबंधित ग्रामपंचायतीला व जिल्हा परिषदेला देणे बंधनकारक करावे. धडगाव, केज, तुळजापूर इथे केलेली पाहणी सध्या इंग्रजीत बांधली जाऊन परदेशी ग्रंथालयात जाते, आणि ज्यांनी अर्धा दिवस मजुरी बुडवून प्रश्नांची उत्तरे दिली त्यांना तिच्यातले एक पानही मिळत नाही.